चाकावरची मोहरी

शालिकराम सुखदेवे रेल्वेत घड्याळं दुरुस्त करायचा. आमल्यापासून वर्ध्यापर्यंतच्या स्टेशनांवरची मोठी घड्याळं मागं पडू लागली, पुढं धावू लागली किंवा दम टाकून बसली, की गार्डाच्या डब्यातून नागपूरला त्याच्या टेबलावर यायची. माणूस कामासारखाच होता. एक स्क्रू काढला की तो बशीत ठेवायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. नागपुरात इंदोऱ्यातल्या त्याच्या गल्लीत आधी त्याला 'घड्याळवाले' म्हणत. सत्यवतीशी लग्न झालं आणि तो 'मॅडमचे मिस्टर' झाला. त्याला ते मनापासून आवडायचं. सत्यवती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, आणि आता पीएच.डी.च्या मागे लागलेली. त्या गल्लीत तोवर मॅट्रिकच्या पुढे फारसं कोणी गेलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, तुमच्या ऑफिसात एखादं बाद झालेलं मोठं घड्याळ असंन का?"

"कायले पायजे?"

"रोपटं फिरवायले."

शालिकरामनं घास तसाच हातात धरला. सत्यवतीनं ताटातल्या उसळीतला मोड आलेला एक मूग उचलून त्याच्यासमोर धरला.

"हा मूग आडवा पेरा, उलटा पेरा, कसाही पेरा. मूळ वळून खालीच जाते. अंधारात ठेवला तरी खालीच जाते. त्याले खाली कोणतं हे कसं समजते?"

"वजनानं," शालिकराम म्हणाला.

"हो, पण कोणाच्या वजनानं? मुळाच्या टोकाशी पेशी असतात, त्याच्यात पिठुळ दाणे असतात. एकदम बारीक. बाटलीत रेती जशी तळाले बसते ना, तसे ते दाणे पेशीच्या तळाले बसतात. ज्या बाजूले दाणे, ती खालची बाजू. मूळ तिकडे जाते."

"बरं."

"आता समजा, ते बी अशा ठिकाणी नेलं जिथं वजनच नाही. रशियावाले, अमेरिकावाले यानं सोडून राहिले. तिथं हातातून पेन सुटला तर तो पडत नाही, तरंगते. तिथं मूळ कुठं जाईल?"

"कुठं जाईल?"

"थेच तर पाहाचं आहे. आपल्याले यानात कोण नेते? म्हणून चाक पायजे. रोपटं आडवं धरून हळूहळू फिरवत राहाचं. दाणे एका बाजूले बसाच्या आधी ती बाजू वर गेली पायजे. बोकारे सर म्हणतात, हे यानासारखं हुबेहूब नाही, पण त्याच्या जवळ जाणारं आहे."

महादेवराव बोकारे हे तिचे गाइड. शालिकरामनं त्यांना एकदाच पाहिलं होतं, पण त्यांनी सत्यवतीवर असं काम सोपवलं म्हणजे माणूस चांगला असणार, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं साहेबांना विचारून काटोलच्या वेटिंग रूममधलं बाद घड्याळ मागून घेतलं. विजेची मोटर त्याला नको होती, कारण वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता. चावीचं घड्याळ मात्र रोज सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत फिरणार. त्यानं काटे काढले, दोन दातेरी चाकं बदलली, आणि इतवारीच्या भांडे बाजारातून एक हलकी ॲल्युमिनियमची परात आणून ती उभी बसवली. परातीच्या काठाला काचेच्या छोट्या नळ्या अडकवायची सोय केली. नळ्यांत ओला कापूस आणि कापसात मोहरीचे दाणे. ते सगळं मांडीवर घेऊन सत्यवती सायकलरिक्षानं कॉलेजला गेली तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या.

पुढच्या रविवारी ती त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेली. खिडकीशी दोन गोष्टी होत्या. एका बाजूला बरण्यांत नुसती ठेवलेली मोहरी. तिची मुळं विंचरल्यासारखी सरळ खाली गेलेली. दुसऱ्या बाजूला परात, अगदी सावकाश फिरत असलेली. तिच्यातल्या नळ्या पाहून शालिकरामला काही सुचेना. एक मूळ कापसातून बाहेर येऊन हवेत लोंबकळत होतं. एका रोपाचा कोंब परत कापसात घुसला होता. एकानं नुसताच वेढा घेतला होता आणि मग जणू कंटाळून थांबला होता. शालिकरामला उगाच वाईट वाटलं. सत्यवती मात्र आनंदात होती.

"यायले काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "पाहा तुम्ही. वाढून तर राहिले, पण कुठं जाचं हे एकालेही माहीत नाही."

"आता पुढं काय?"

"आता मुळाचं टोक कापाचं, आयोडिन टाकाचं आणि मायक्रोस्कोपखाली दाणे पाहाचे. पसरले असतीन तर आपलं म्हणणं खरं. आणि मंग हेच झाड फुलावर आणाचं. रशियावाल्यायच्या यानात रोपटी फुलापर्यंत येतात आणि मरतात म्हणे. काहून मरतात, कोणालेच समजून नाही राहिलं."

त्या हिवाळ्यात ती दोघं फार सुखात होती. ती रोज सकाळी परातीला चावी द्यायला लवकर निघायची आणि संध्याकाळी आली की कोणत्या नळीत काय झालं ते सांगायची. खोकत खोकत सांगायची. प्रयोगशाळेतल्या फॉर्मालिननं घसा धरला असेल, असं दोघांनाही वाटत होतं. उन्हाळा लागता लागता एका सकाळी मोरीत थुंकली तर त्यात रक्त होतं.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला आणि उजव्या फुफ्फुसावरचा डाग बोटानं दाखवला. "घाबरायचं काही नाही," ते म्हणाले. "आता क्षयानं कोणी मरत नाही. रोज इंजेक्शन घ्यायचं, रोज गोळ्या घ्यायच्या. इंजेक्शन काही महिने, गोळ्या वर्ष-दीड वर्ष. मध्येच सोडायचं नाही, एवढं पाळा."

त्यांनी ते पाळलं. कामठी रोडवरच्या दवाखान्यातला कंपाउंडर रोज सकाळी तिला सुई टोचायचा. तिची आई यमुताई उमरेडहून येऊन राहिली. दूध, अंडी, मटणाचा रस्सा, जे जे सांगितलं ते ते झालं. सत्यवती रजेवर होती, म्हणून परातीला चावी द्यायचं काम शालिकरामनं अंगावर घेतलं. ड्यूटीच्या आधी सायकल मारत कॉलेजला जायचा. चौकीदार फाटक उघडायचा. तो चावी द्यायचा, कापसावर पाण्याचे थेंब सोडायचा आणि नळ्या नीट पाहून घ्यायचा, कारण संध्याकाळी सगळं सांगावं लागणार असायचं. मधून मधून एखादं मूळ कापून ती सांगेल त्या बाटलीत टाकायचा. सत्यवतीचा खोकला गेला. गालांवर मांस आलं. शालिकरामला वाटलं, आपण यातून निघालो.

मग तिला चक्कर येऊ लागली. कंपाउंडर म्हणाला, "अशक्तपणा आहे." शालिकराम धंतोलीला जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा असतो, जाईल. इंजेक्शन थांबवू नका." ती भिंतीला हात लावून चालू लागली. कानात सारखं काहीतरी वाजतं म्हणाली. शालिकराम परत एकदा गेला. परत तेच उत्तर घेऊन आला. सुई रोजच्यासारखी चालू राहिली.

एका सकाळी तो शर्टाची बटणं लावत होता. सत्यवती मोरीत उभ्यानं तोंड धूत होती. तोंडाला साबण लावून तिनं डोळे मिटले आणि कोणी ढकलून द्यावं तशी आडवी पडली. हात पुढे करायचंही तिला सुचलं नाही. यमुताईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावर खोक पडली होती.

"काय झालं वं माय?" यमुताई विचारत होती.

"मी उभीच होती," सत्यवती म्हणाली. "मले वाटलं, मी उभीच आहो."

डॉक्टरांनी तिला खोलीच्या मधोमध उभं केलं, पाय जुळवायला लावले आणि डोळे मिटायला सांगितलं. ती त्यांच्या अंगावरच कोसळली. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि चष्मा काढला.

"इंजेक्शन आजपासून बंद," ते म्हणाले. "गोळ्यांवर भागवू."

"झालं काय पण?" शालिकरामनं विचारलं.

"कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते. तिथं बारीक, जड खडे असतात. आपण कललो की ते सरकतात, आणि त्यावरून शरीराला समजतं, वर कोणतं आणि खाली कोणतं. हे औषध काही लोकांच्या कानातल्या त्या पेशी मारून टाकतं. फार थोड्यांच्या. पण होतं असं."

सत्यवती एकटक त्यांच्याकडे पाहत होती. "परत येते का ते?" तिनं विचारलं.

"नाही. डोळे उघडे असले, उजेड असला, तर तुम्ही सवयीनं चालू लागाल. त्याच्यापुढे नाही."

"आम्ही सांगतलं होतं तुम्हाले," शालिकराम म्हणाला. "चक्कर येते म्हणून दोनदा सांगतलं होतं."

"सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. खाली बघून म्हणाले, पण म्हणाले. "तेव्हाच थांबवलं असतं तर कदाचित थोडा तोल वाचला असता. कदाचित फुफ्फुस वाचलं नसतं. मला खरंच सांगता येत नाही."

शालिकराम रागावायच्या तयारीनं उभा होता. तो तसाच उभा राहिला. बाहेर रिक्षात बसल्यावर सत्यवतीनं दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली.

"मुळातही असेच दाणे असतात," धंतोलीची गर्दी मागं पडल्यावर ती म्हणाली.

शालिकरामनं तिच्या हातावर हात ठेवला.

क्षय पूर्ण बरा झाला. एक्सरे स्वच्छ आला. ज्यानं त्यानं अभिनंदन केलं. पण सत्यवती चालू लागली की समोरची घरं, माणसं, झाडं सगळी तिच्या पावलांबरोबर वरखाली उडायची. सायकलच्या कॅरिअरवर बसून पेपर वाचावा तसं दिसतं, असं ती सांगायची. संध्याकाळी उजेड कमी झाला की तिचे पाय फाकायचे आणि ती झोकांड्या देऊ लागायची. एकदा कॉलेजच्या बसस्टॉपवर एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "बाई टाकून आली वाटते." शालिकराम तिला घ्यायला आला होता, त्यानं ते ऐकलं. तो त्या माणसाकडे वळलाही, पण सत्यवतीनं त्याचा दंड धरलेला होता, आणि तो सोडवून घेतला असता तर ती पडली असती. म्हणून तो तसाच तिच्याजवळ थांबला.

यमुताईनं कोणी सांगितलेलं तेल आणलं, कोणी सांगितलेला काढा केला, उमरेडच्या वैद्याला बोलावलं. सत्यवतीनं आईसाठी सगळं घेतलं. शेवटी यमुताईच थकली. एका दुपारी ती जावयाला म्हणाली, "जवाईबापू, पोरीले रोग होता तवा मले समजत होतं काय करावं. आता रोग नाही, तं मी करू काय?"

प्राचार्यांनी सत्यवतीला बसून करायचं काम दिलं. पण तिची पीएच.डी. मायक्रोस्कोपवर अडली. ती खुर्चीत कितीही स्थिर बसली तरी भिंगात डोळा लावला की नाडीच्या प्रत्येक ठोक्याला चित्र हलायचं. शालिकरामनं सागाच्या फळीची एक टेकणी करून आणली. तिच्यावर हनुवटी टेकायची, कपाळ वरच्या पट्टीला लावायचं. त्यानं थोडा फरक पडला. एखादी स्लाइड ती कशीबशी पाहू शकायची आणि मग घामाघूम होऊन, डोकं धरून बसायची. पाहायच्या स्लाइडी तर शेकड्यांनी होत्या.

"मी पाहतो," एक दिवस शालिकराम म्हणाला. "माह्या डोळ्यात रोज भिंग असते. तू सांग काय पाहाचं, मी पाहून सांगतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली, कित्येक महिन्यांनी.

तेव्हापासून रविवारी दोघं प्रयोगशाळेत जाऊ लागले. ती समोर बसायची, स्लाइड हातात द्यायची, आणि तो भिंगात बघायचा. विटांसारख्या रांगा दिसायच्या, आणि विटांमध्ये निळेकाळे ठिपके. ठिपके त्याला स्पष्ट दिसत, त्यात खोट नव्हती. पण कोणती बाजू कोणती, हे त्याला दर वेळी ठरवता येत नसे. कधी वाटे सगळे एका कडेला आहेत. कधी वाटे, तसं नाही. घड्याळात दात मोडलेला असला तर मोडलेलाच असतो. इथं तसं नव्हतं.

"काय दिसते?" ती विचारायची. "एका बाजूले बसले आहेत का पसरले आहेत?"

तो मान वर करून तिच्याकडे पाहायचा. पेन धरून ती पुढे वाकलेली असायची.

"पसरले आहेत," तो म्हणायचा.

ती लिहून घ्यायची.

तो खोटं बोलत होता असं म्हणता येणार नाही. पहिल्या रविवारी एक-दोनदा तो अडखळला असेल, पण पुढे पुढे त्याला खरोखरच तसं दिसू लागलं. भिंगात डोळा लावला की ठिपके पसरलेलेच असायचे. घरी सत्यवती पुन्हा जेवताना बोलू लागली. बोकारे सर काय म्हणाले, पुढच्या वर्षी कुठल्या परिषदेत काय वाचता येईल, हे सांगू लागली. भिंतीचा आधार घेत का होईना, स्वयंपाकही करू लागली. यमुताई उमरेडला परत गेली. आपण काहीतरी दुरुस्त केलं, असं शालिकरामला फार दिवसांनी वाटत होतं.

मग एक रविवार असा आला, की त्यानं "पसरले आहेत" म्हटलं आणि तिनं लिहिलं नाही. तिनं पुढची स्लाइड दिली. तो म्हणाला, "पसरले आहेत." तिनं तिसरी दिली. तिसऱ्यालाही त्यानं तेच सांगितलं.

सत्यवती उठली. टेबलाच्या काठाला धरून त्याच्या बाजूला आली. त्याला उठवून टेकणीवर हनुवटी ठेवली आणि बराच वेळ भिंगात पाहत राहिली. तिच्या मानेवरून घाम ओघळताना त्याला दिसत होता. पाहून झाल्यावर ती स्टुलावर बसली आणि डोळे मिटू नयेत म्हणून समोरच्या खिडकीकडे पाहत राहिली.

"ही चाकावरची नव्हती," ती म्हणाली. "या तिन्ही बरणीतल्या होत्या. सरळ वाढलेल्या मुळायच्या. याच्यात दाणे एका बाजूले बसले आहेत. कोणालेही दिसतीन."

शालिकराम मायक्रोस्कोपकडे पाहत उभा राहिला. "मले वाटलं..."

"मले माहीत आहे तुम्हाले काय वाटलं."

"आणि आधीच्या?"

"आधीच्या साऱ्या गेल्या." तिनं त्या सगळ्या रविवारच्या नोंदींवर एक आडवी रेघ ओढली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी नीट शिकतो," तो म्हणाला. "तू सांग, मी पहिल्यापासून शिकतो. साऱ्या स्लाइडी परत पाहतो."

"तुम्ही शिकान. पण मी समोर बसून राहीन ना. माह्या तोंडाकडे पाहून तुम्हाले परत तसंच दिसन."

"मंग तू बाहेर बस."

"मी बाहेर बसली तरी तुम्ही मलेच पाहान," सत्यवती म्हणाली.

त्या दिवशी परतताना ती रिक्षात त्याच्या खांद्याला टेकून बसली होती. तिनं त्याला दोष दिला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही. शालिकराम मात्र पुढचे कितीतरी दिवस ऑफिसात, रस्त्यात, जेवताना एकच हिशेब करत राहिला. आपण पहिल्याच दिवशी "मले समजत नाही" म्हटलं असतं तर काय झालं असतं? ती पहिल्याच दिवशी खचली असती. आणि आता ती दोनदा खचली होती.

बोकारे सर घरी आले. वयस्कर, सभ्य माणूस. चहाचा कप हातात धरून त्यांनी बराच वेळ इकडचं तिकडचं काढलं, मग म्हणाले, "सत्यवती, स्लाइडी दुसरा विद्यार्थी पाहू शकतो. पण मग काम त्याचं होईल. तुझ्या नावावर मला ते करता येणार नाही."

"हो सर."

"तू म्हणत असशील तर मी थांबतो. एखादं वर्ष थांबू."

"एका वर्षानं काय होईल सर?"

सरांनी कप खाली ठेवला. काही होणार नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

काम ओमप्रकाश नावाच्या मुलाकडे गेलं. गोंदियाचा होता, मेहनती होता. राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतं. तेवढीही सोय नव्हती. परातीला चावी कशी द्यायची, स्प्रिंग किती ताणायची, हे शालिकरामनंच त्याला जाऊन शिकवलं. "जास्त पिळू नको गा," त्यानं सांगितलं, "हाताले थोडं जड लागलं की सोडून देजो." सत्यवतीनं वर्षभरानं नोकरी सोडली. प्रॅक्टिकलच्या वेळी मुलांच्या टेबलांमधून फिरता येत नाही, आणि फिरता येत नसेल तर पगार घेऊन खुर्चीत बसायचं तिला पटेना. ती घरी गल्लीतल्या मुलींना विज्ञान शिकवू लागली. चांगलं शिकवायची. मुली तिच्या दोन्ही बाजूंनी चालत तिला रस्ता ओलांडून द्यायच्या.

अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याआधी ओमप्रकाश त्यांच्या घरी आला. खुर्चीच्या अगदी काठावर बसला.

"मॅडम, मोहरी फुलावर आली," तो म्हणाला. "चाकावर. शेंगाही धरल्या. पण शेंगा बारीक राहिल्या आणि उकलून पाहिल्या तर आत दाणाच नाही. दोनदा केलं, दोनदा तसंच. सरांनाही समजून नाही राहिलं."

सत्यवती सरळ बसली. "परागकण पाहिले?"

"पाहिले. काही बरे आहेत, काही पोचट."

"आणि बरणीतली झाडं?"

"त्यांच्यात दाणे भरले."

"हवा? नळीत हवा हलत नसंन. पंखा ठेवून पाह्यला?"

"नाही, ते नाही केलं."

"थे करा आधी. आणि शेंगेच्या देठाशी..." ती बोलता बोलता पुढे झुकली, "देठाशी काप घेऊन पिठुळ दाणे किती आहेत ते पाहावं लागन. रंग कसा येते त्याच्यावरून... मले पाहावं लागन." आणि ती थांबली. ओमप्रकाश खाली बघू लागला. दारात उभा असलेला शालिकराम आत जाऊन पाणी घेऊन आला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

निघताना ओमप्रकाश म्हणाला, "मॅडम, प्रबंधात आभाराच्या पानावर तुमचं नाव टाकतो मी. पहिलं."

"टाका," सत्यवती म्हणाली. "पंखा मात्र लावून पाहा."

दसऱ्याला ती दोघं दीक्षाभूमीवर गेली. छप्पन साली सत्यवती वडिलांचं बोट धरून तिथं आली होती, आणि तेव्हापासून तिचा एकही दसरा चुकला नव्हता. क्षयाच्या वर्षीही ती रिक्षात बसून दुरून पाहून आली होती. या खेपेला ती स्वतःच्या पायांनी गेली. उजेड होता तोवर सगळं नीट झालं. शालिकरामच्या दंडाला धरून ती गर्दीतून चालली, रांगेत उभी राहिली, पुस्तकांच्या दुकानांपाशी थांबली. लांबलांबच्या खेड्यांतून आलेल्या बायका पांढरी लुगडी नेसून गटागटानं बसल्या होत्या. परत निघता निघता संध्याकाळ झाली. मैदानातले दिवे लागले.

फाटक थोडं पुढं राहिलं असताना दिवे गेले. गर्दीतून एक मोठा हुंकार उठला आणि लोक अंधारातच पुढे सरकत राहिले.

सत्यवतीचा हात त्याच्या दंडावर एकदम घट्ट झाला. तिच्या अंगाचं सगळं वजन त्याच्यावर आलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. त्यानं तिला कमरेला धरलं, पण लोटणाऱ्या माणसांत त्याचाच पाय टिकत नव्हता.

"खाली बसू द्या मले," ती म्हणाली.

"इथं? लोक तुडवतीन."

"बसू द्या."

ती खाली बसली. दोन्ही तळवे तिनं जमिनीवर पसरून दाबून धरले. शालिकराम तिच्याजवळ उकिडवा बसला. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. माणसं त्यांना अडखळून, चुकवून जात होती.

"येतीन आता दिवे," तो म्हणाला.

"आणि नाही आले तर?"

एक स्वयंसेवक टॉर्च घेऊन गर्दीतून आला आणि त्यानं उजेड त्यांच्यावर धरला. "दादा, इथं बसू नका. मागून लोंढा येऊन राहिला. बाईले उठवा."

"उठता नाही येत तिले."

"काहून? लागलं का? डॉक्टरचा तंबू आहे तिकडे."

शालिकरामच्या मनात आलं, याला सांगावं. सुईचं सांगावं, कानाचं सांगावं. पण मागून कोणीतरी हाका मारत होतं, आणि स्वयंसेवकाची मान तिकडे वळली होती.

"लागलं नाही," तो म्हणाला. "उठता येत नाही, एवढंच."

"मंग सांभाळा," म्हणून तो पुढे गेला, आणि त्याच्याबरोबर टॉर्चचा उजेडही गेला.

शालिकरामनं जागा बदलली. लोंढा ज्या बाजूनं येत होता तिकडे पाठ करून तो तिच्यासमोर बसला आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांभोवती धरले. तिनं विचारलं, "तुम्हाले लागते का?" तो नाही म्हणाला. लोकांचे गुडघे, पिशव्या, कडेवरच्या पोरांचे पाय त्याच्या पाठीवर आपटत होते, आणि दिवे अजून आले नव्हते.